सैल पट्टा आणि करपलेली डाळ

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. अर्जेंटिनात, कोर्दोबाच्या डोंगरातल्या एका लहानशा आश्रमात राहतो. आज मला एक कबुली द्यायची आहे.

स्वामी निरंजन इथे आले तेव्हा शिवणकाम करणाऱ्या नेलिदाबाईंनी मला विकत आणले. स्वामींचे मोडके स्पॅनिश त्या माझ्यावर टिपून घेत आणि नंतर टेप जिथे घासते ते माझे हेड स्पिरिटने पुसत. स्वामींनी कुणाला देव बदलायला सांगितले नाही. लोक ओसरीवर माते हा तिकडचा कडवट चहा पीत बसत, मग डोळे मिटून आपला श्वास मोजत. अबोला धरलेले दोन भाऊ तिथेच पुन्हा बोलू लागले.

स्वामी वारले. मग दर गुरुवारी माझी टेप लागू लागली. मला हार घातले गेले, पण झाकण कुणी उघडले नाही. वीस वर्षांत टेप फिरवणारा माझा रबरी पट्टा सैल झाला. टेप हळू फिरली की आवाज खोल जातो आणि लांबतो. लोकांना तो अधिकच गंभीर वाटला. प्रार्थनाही त्याच संथ लयीत होऊ लागली. टेपच्या शेवटी स्वामी म्हणत, "उठा आता, डाळ करपतेय." आश्रम चालवणाऱ्या रामिरोने त्यावर प्रवचन रचले. डाळ म्हणजे आयुष्य, असे तो सांगे.

"स्वामी असे नव्हते रे बोलत. भरभर बोलायचे," नेलिदाबाई म्हणत.

"आजी, वय झालं तुमचं. आवाज तर समोर ऐकू येतोय," रामिरो म्हणे.

हळूहळू बाईंना स्वतःच्या आठवणीचाच भरवसा वाटेना. खोटी साक्ष मी देत होतो, आणि मला ते सांगता येत नव्हते.

गेल्या महिन्यात पट्टा तुटला. रामिरो मला टाकायला निघाला, तेव्हा बाईंनी मला मांडीवर घेतले. शिवणाच्या टेपने पट्ट्याचे माप घेतले, त्याहून थोडा आखूड नवा मागवला आणि बसवला.

गुरुवारी माझ्यातून पातळ, घाईचा, हसरा आवाज निघाला. "उठा आता, डाळ करपतेय." टेपवरच, त्या आवाजामागे, पातेल्यावरचे झाकण खडखडत होते.

सगळ्यांनी नेलिदाबाईंकडे पाहिले.

"खरंच करपली होती त्या दिवशी," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पातेलं मीच घासलं."

"आणि मी चौदा वर्षं प्रवचन देतोय?" रामिरो म्हणाला.

"प्रवचन चांगलं होतं. जरा लांब होतं, एवढंच."

मित्रांनो, मला हार नकोत. वर्षातून एकदा झाकण उघडा, पट्टा ओढून बघा. आणि ज्याने टेपवरच्या माणसाला समोर बोलताना ऐकले आहे, असे कुणी शेजारी बसले असेल, तर माझ्याआधी त्याला विचारा.