एकच, जवळचं की वेगळं

‘सासऱ्यांसाठी वृद्धाश्रम निवडताना काय पाहावं?’

मी गुडघ्याचा पट्टा शोधत होतो. घरातला टॅब मांडीवर, चष्मा नाकावर, आणि पट्ट्यांच्या चित्रांखाली ‘तुमच्या घरासाठी आणखी’ असं म्हणत ही ओळ. पुन्हा वाचली, तरी तीच. टॅब पालथा ठेवला.

“अगं, आपल्या घरात सासरे किती आहेत?” मी बायकोला विचारलं.

“एकच आहेत, आणि तेच पुरून उरलेत,” स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

दुसऱ्या कुणी ती ओळ बघून सोडून दिली असती. मला ते जमणं शक्य नव्हतं, कारण त्या यंत्राला शिकवणाऱ्यांपैकी मी एक आहे. निवृत्तीनंतर मी एका कंपनीत अर्धा दिवस बसतो. पूर्वी ही शोधायची यंत्रं नुसती शब्दाला शब्द जुळवायची. पंखा फिरतो पण वारा येत नाही असं विचारलं, की वाऱ्यावरच्या कविता समोर आणायची. आता यंत्राला माणसाच्या मनातलं कळायला हवं, म्हणून आमच्यासारखी रिकामटेकडी मंडळी जमवली आहेत. पडद्यावर दोन प्रश्न येतात. दोन्ही विचारणाऱ्यांना हवंय ते सारखंच आहे का, हे ठरवून तीनपैकी एक बटण दाबायचं: एकच, जवळचं, वेगळं. प्रत्येक जोडी तिघांकडे जाते. तिघांनी आपसांत बोलायचं नाही. दोघांचं जुळलं, की ते यंत्राच्या डोक्यात गेलं.

यंत्राची ही नवी आवृत्ती कर्मचाऱ्यांच्या घरी वापरून बघायला दिली होती. घरात कुणी काय विचारलं, त्याचा अर्थ लावून ती पुढचं सुचवते. आपल्या मनाचं काही रचत नाही. म्हणजे घरात कुणीतरी हे विचारलं होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमचे चिरंजीव असलं काही शोधणार नाहीत, त्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत. बायकोला माझ्याशी वाद घातल्याशिवाय जेवण जात नाही, ती मला कशाला घालवेल? उरली सूनबाई.

मी कान टवकारून राहायला लागलो. आणि लक्ष ठेवलं की काय काय दिसतं हो! एका संध्याकाळी ती माझ्या गोळ्यांची डबी हातात घेऊन उभी. “बाबा, तुमच्या वयाच्या माणसाला वरच्या मजल्यावरची खोली चालते का?”

“कुठला वरचा मजला? आपण तळमजल्यावर राहतो.”

“नाही, सहज विचारलं.”

सहज! या घरात कुणीही कधी काही सहज विचारलेलं नाही. नंतर म्हणाली, “रात्री उठताना पलंगाला धरायला कठडा असला तर बरं पडतं का?” मी म्हटलं, “मला कठडा लागत नाही, मी अजून धडधाकट आहे.”  तिचे डोळे लाल होते, तेही मी टिपून ठेवलं. मनाला लागलं असेल म्हणून लाल, असा मी अर्थ लावला. एवढ्या वर्षांच्या सासऱ्याला घालवायचं तर थोडं लागणारच.

“पाणी मुरतंय,” मी बायकोला म्हटलं.

“तुमच्या डोक्यात मुरतंय. आणि समजा घालवलंच, तर मला नाही का पाठवणार?”

“तुला ठेवून घेतील. तू कामाची आहेस.”

“ते मात्र खरं,” ती म्हणाली, आणि हसायला लागली. मला हसू आलं नाही. उतारवयात माणसाला एक खोली, एक खिडकी आणि आपल्याला कुणी हलवणार नाही ही खात्री, एवढंच लागतं. माझी ती खात्रीच गेली होती. 

ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर एक चष्मेवाली बसते. तिला मी आडून विचारलं, “हे आपलं यंत्र भलतंच काही सुचवू शकतं का हो?”

“काका, आपण दाबतो तेच ते बोलतं. भलतं आलं तर आपणच भलतं दाबलं असणार.” तिने मान वर न करता पुढचं बटण दाबलं. झालं, मी तर कधी भलतं दाबत नाही; मला जो हवा होता तो पुरावा मिळाला.

त्या रविवारी दुपारी सूनबाई गॅलरीत फोनवर बोलत होती. मी पडद्याआड. “हो, उद्या नेऊन सोडू. मनातून तयार नाहीत, पण माझं ऐकतील.”

माझं डोकंच फिरलं. “कोण ऐकेल? मी? मी कुठेही जाणार नाही, सांगून ठेवतो! हे घर माझं आहे!”

तिने फोन खाली घेतला. ती आ वासून बघत राहिली. मी टॅब आणून तिच्यासमोर धरला. “हे काय आहे? सासऱ्यांसाठी! घरात दुसरा सासरा दाखव मला.”

तिने वाचलं. मग कठड्याला टेकून खालीच बसली. “मी वडिलांसाठी विचारलं होतं, बाबा. अप्पांसाठी.”

अप्पा म्हणजे तिचे वडील, माझे व्याही. जन्मभर बस चालवली त्यांनी. आता एकटे राहतात. न्हाणीघरात पडले, आणि शेजारीण दार तोडून आत येईपर्यंत तसेच ओल्या फरशीवर पडून राहिले. हे तिने रडत रडत सांगितलं.

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला?” एवढंच म्हणाली ती.

पुढचं आवाज ऐकून बाहेर आलेल्या बायकोने पूर्ण केलं. “मी दुकानातून जरा उशिरा आले तर कुणाशी बोलत होतीस म्हणून विचारता. परका माणूस घरात आणायचं तुमच्यापुढे काढणार कोण?”

‘परका’ हा शब्द ऐकल्यावर ऑफिसात माझ्या पडद्यावर आलेली एक जोडी मला आठवली. ‘वडिलांसाठी वृद्धाश्रम’ आणि ‘सासऱ्यांसाठी वृद्धाश्रम’. पापणी न लववता मी ‘एकच’ दाबलं होतं. खाट तीच, चाकाच्या खुर्चीसाठीची उतरण तीच, डॉक्टर तोच. विचारणाऱ्याला हवंय तरी काय वेगळं? तिघांमधल्या आणखी कुणीतरी तेच दाबलं असणार, म्हणून ते यंत्रात गेलं, आणि तिने विचारलेले ‘वडील’ माझ्या टॅबवर ‘सासरे’ होऊन आले. नियमाने बघितलं तर चूक काहीच नव्हतं. समोर पोर हमसून रडत होती, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायचं धाडस मला होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीही बरोबर गेलो. अप्पा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. डावा हात गळ्यात, उजव्या हातात काठी. मी घसा खाकरला. “व्याहीबुवा, ते आश्रमबिश्रम राहू द्या. आमच्याकडे चला. माझ्या खोलीत दुसरा पलंग बसतो.”

ते हसले. “तुमच्या खोलीत? मी रात्री पाणी प्यायला उठलो तरी तुम्ही दिवा लावून बघाल, हा निघाला कुठे म्हणून.” मग माझ्या गुडघ्यावर थोपटलं. “आलो असतो हो. पण लेकीला मग तुमच्याकडे बघू की माझ्याकडे, असं व्हायला नको. तिने माझ्यासाठी जागा शोधलीय, मी तिचं ऐकणार.”

खरं सांगतो, त्यांनी नाही म्हटल्यावर मला हायसं वाटलं. त्याची लाजही वाटली, आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो.

आश्रमाच्या दारात सूनबाई गाडी लावायला मागे राहिली. अप्पांची बॅग माझ्या हातात होती. आतून पांढऱ्या कपड्यातली एक बाई लगबगीने आली, आम्हां दोघांकडे बघितलं, आणि माझा दंड धरला.

“या आजोबा. पायरी जपून हं. सुरुवातीला सगळ्यांनाच चुकल्यासारखं वाटतं, मग रुळतात.” अप्पांकडे वळून म्हणाली, “तुम्ही सोडायला आलात का यांना?”

मी नव्हे, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणणं म्हणजे अप्पांकडे बोट दाखवणं.  तिच्या हातात माझा दंड तसाच राहिला.

अप्पांनी काठी भिंतीला टेकवली. शर्टाची बाही सारखी केली, आणि चांगल्या हाताने माझ्याकडून बॅग घेतली.

“ते माझे व्याही आहेत, बाई,” ते म्हणाले. “राहायला मी आलोय.”

आणि काठी तिथेच विसरून ते पायरी चढले.