तिसऱ्या अंकातलं आईचं गाणं

गोटहोल्ड झाइफर्ट ऑपेराची पदं लिहून पोट भरायचा आणि जीव मात्र फुलपाखरांवर टाकायचा. जर्मनीत, थुरिंगियातल्या त्या छोट्या राजधानीत ड्यूकचं थिएटर होतं, म्हणून त्याचं भागत होतं. पदं त्याची बेताचीच. चंद्र, गुलाब, हाय प्रिये, की झालं गाणं तयार. टाक खाली ठेवला की तो खिडकीशी अळ्यांच्या पेट्यांसमोर बसायचा, आणि मग घर, गाव, थिएटर सगळं धुक्यात विरून जायचं. जाळीवरून उन्हाचा कवडसा सरकत राही, कोशातून ओले पंख बाहेर येत, सावकाश उलगडत. तासन्‌तास जात आणि त्याला पत्ता नसे.

घर थोरल्या बहिणीचं, वाल्बुर्गाचं. ती विधवा. अकरा वर्षांपूर्वी तिची एकुलती एक लेना तापाने गेली, सात वर्षांची. शेवटचे चार दिवस गोटहोल्ड तिच्याच खोलीत होता, कारण चांगला उजेड तिथल्याच खिडकीत यायचा. चार दिवसांत त्याने पेटीवरून मान वर केली नाही, असं वाल्बुर्गाचं म्हणणं होतं. ते खरंच होतं. त्यानंतर ती त्याला वेळेवर सूप वाढायची, बटणं लावून द्यायची, टोमणे मारायची. पण शेजारी बसून लेनाचं नाव कधी काढलं नाही. तिने तसं बसून बोलावं, गोटहोल्डला आता उतारवयात एवढंच हवं होतं. मागायचं कुठल्या तोंडाने?

त्या वसंतात थिएटरच्या मॅनेजरने बजावलं, हा ऑपेरा पडला तर पुढचं काम नाही. गोटहोल्डने तिसरा अंक कसाबसा संपवला, कागद थिएटरच्या माणसाच्या हातात कोंबले आणि जाळं घेऊन डोंगरात पसार झाला. तालमींना तो कधीच जात नसे. उगवला तो थेट पहिल्या प्रयोगाच्या दुपारी.

"मी येतेय आज," वाल्बुर्गा म्हणाली.

"तू? थिएटरात?"

"तुझा शेवटचाच असेल म्हणतात. पुन्हा कुठला योग यायचा! आणि केसांतलं ते गवत काढ आधी. लोक म्हणतील, बाई बोकड धरून आली."

दुसऱ्या अंकानंतर संगीतकार टीडेमान धावत आला आणि त्याने गोटहोल्डला मिठीच मारली.

"झाइफर्ट, लपवून ठेवलं होतंत की हो! वीस वर्षं नुसते गुलाब, आणि आता हे आईचं गाणं! यमक नाही, अलंकार नाही. चाल बांधताना रडलो मी."

गोटहोल्डला काही कळेना. आईच्या गाण्यात त्याने चांगले सात गुलाब घातले होते.

पडदा वर गेला. आजारी मुलीच्या उशाशी आई बसली होती. दिवे मंद झाले, व्हायोलिनं जेमतेम ऐकू येतील इतकी हलकी झाली, आणि ती गाऊ लागली.

"आज तिसरा दिवस. काही खात नाही.
समोर ठेवलंय ते तसंच आहे.
रंग उतरलाय. हाक ऐकत नाही.
हात लावू नये.
आत तिचं काहीतरी चाललंय."

गोटहोल्डने शब्द ओळखले. कागद तो वाया जाऊ देत नसे. एका अंगाला पदं, दुसऱ्या अंगाला अळ्यांची टिपणं. टीडेमानने भलत्याच अंगाला चाल लावली होती. ही तर एप्रिलमधली अळी, कोशात जाण्याआधीची! आता हशा पिकणार म्हणून त्याने डोळे गच्च मिटले. पण हसलं कोणीच नाही. सूर वर चढत गेले, संथ, पंखांवरची धूळ उडावी तसे, आणि सगळं थिएटर त्यांच्यामागे कुठेतरी दूर निघून गेलं. मग टाळ्या थांबेनात.

घरी जाताना पुलावर वाल्बुर्गाने त्याचा दंड धरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"मला वाटायचं, तू पेटीतच बघत होतास," ती म्हणाली. "सूप ठेवलं होतं मी तिच्यासमोर. तसंच राहिलं. तू बघितलंस ते?"

खरं सांगायला गोटहोल्डने तोंड उघडलं. तिने दंड अजून सोडला नव्हता.

"हो," तो म्हणाला.

"रडलास का रे तेव्हा?"

"हो."

"मग बोलायचं नाहीस? वेड्या, मी किती वर्षं..." कठड्याशी टेकून ती लेनाबद्दल बोलत राहिली. लेनाचा पुढचा पडलेला दात, तिचं कुत्र्याला घाबरणं, उशी उलटी करून झोपणं. गोटहोल्ड मान हलवत होता. इतकं सुख त्याला झेपत नव्हतं, आणि लाजही तेवढीच वाटत होती.

निदान आता तरी भाचीला नीट बघावं, म्हणून त्याने डोळे मिटले. खिडकी दिसली, कवडसा दिसला, पेटीची जाळी दिसली. जाळीआडची हिरवी अळी तिच्या अंगावरच्या प्रत्येक काळ्या ठिपक्यासकट दिसली. त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं. लेनाचा चेहरा काही केल्या आठवेना.