समाधीतलं इंग्रजी

गंगापूर रोडवरच्या मंगल कार्यालयात लग्नालाही होत नाही एवढी गर्दी लोटली होती. व्यासपीठावर भगव्या फेट्यातले निबंधमहाराज. शिक्षण चौथी नापास, पण समाधी लागली की खणखणीत इंग्रजी. परगावच्या बड्या विद्यापीठांत प्रवेशअर्जासोबत स्वतःबद्दल निबंध द्यावा लागतो. तो साक्षात सरस्वती महाराजांच्या मुखातून सांगते, अशी ख्याती घोटीपासून कळवणपर्यंत पोचलेली. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. इतक्या वर्षांत माझ्या मुखातून सरस्वती एकदाही बोलली नाही, म्हणून मुद्दाम बघायला गेलो.

शेजारी माझी विद्यार्थिनी निकिता आणि तिची आई उज्वलाबाई. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा मळा. महाराजांचा नियम असा, की आधी प्रत्येकानं आपला निबंध भक्तांच्या ग्रुपवर टाकायचा. याला म्हणायचं प्रसाद. निकितानंही टाकला होता.

"प्रसादाला नाय कसं म्हणायचं, सर?" उज्वलाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी पाळी सार्थकची होती. त्याच्या वडिलांचं गाड्यांचं शोरूम. महाराजांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि इंग्रजी सुरू झालं. मराठीत सांगायचं तर, "माझी आई पहाटे झेंडूच्या पाट्या घेऊन बाजारात बसते. फुलं उरली की ती घरी येऊन कुणाशी बोलत नाही."

मी शेजारच्यांना अर्थ सांगितला. तो ऐकून सार्थकच्या आई प्रतिभाबाई बांगड्या सावरत उठल्या. "अहो महाराज, मी कधी झेंडू विकला?"

"मागच्या जन्मी, माई," महाराज एक डोळा उघडून मराठीत म्हणाले. सभागृहानं हात जोडले.

निकिता ताडकन उठली. "सर, शब्दन् शब्द माझा आहे," म्हणत ती तडक व्यासपीठामागच्या पडद्याआड गेली. तिथे जीवन नावाचा शिष्य लॅपटॉपवरचा तिचाच निबंध फोनमध्ये हळूहळू वाचत होता. तिनं फोन हिसकावला आणि त्यात शांतपणे इंग्रजीतून बोलू लागली.

बाहेर समाधी बोलली, "हा निबंध निकिताचा आहे. मला इंग्रजी येत नाही. माझ्या फेट्याखाली इअरफोन आहे."

अर्थ कळत नसल्यामुळे महाराज हे सगळं न अडखळता बोलून गेले. मी ते मोठ्यानं मराठीत सांगितलं. प्रतिभाबाईंनी स्वतः वर जाऊन फेटा उतरवला, तसा इअरफोन टपकन खाली पडला. लोक पोट धरून हसले.

मीही हसलो. पण निकिताचा अर्ज आधीच गेला होता, आणि ग्रुपमधल्या आणखी दोघांनी महाराजकृपेनं आधीच्या समाधीत मिळालेला तोच निबंध त्याच विद्यापीठाला धाडला होता. तिथे संगणक सगळे निबंध ताडून पाहतो. तिन्ही अर्ज फेटाळले गेले. आम्ही खुलासा पाठवला, तर उत्तर आलं की देणारा आणि उचलणारा, नियम दोघांनाही सारखाच.

उज्वलाबाईंनी मला विचारलं, "सर, मी तर खरंच फुलं विकते. मग माझी पोर खोटी कशी ठरली?"

मला फार राग आला. म्हणून आता प्रत्येक वर्गात सांगतो. निबंध स्वतः लिहा, चुका काढायला माझ्याकडे या, पण सोबत अर्ज करणाऱ्याच्या हाती देऊ नका. कुणी कितीही पवित्र शब्दांत मागितला, तरी आधी विचारा की तुम्ही याचं करणार काय. हा साधा प्रश्न त्या ग्रुपवर एकानं जरी विचारला असता, तरी निकिताचं वर्ष वाचलं असतं.