गोलुबात्सच्या पुढचे बोगदे

मागून ट्रॅक्टर आला तेव्हा देसांका नेहमीसारखी ओरडली, "गाडी!" सगळ्यात पुढे असलेल्या मिलेवानं सायकल लगेच कडेला घेतली. मधली रुझा मात्र रस्त्याच्या मधोमध तशीच पायडल मारत राहिली. देसांका पुन्हा ओरडली. ट्रॅक्टरवाल्यानं भोंगा वाजवला, मग वैतागून एक चाक गवतात घालून ट्रॅक्टर पुढे काढला. तो अगदी खांद्याशी आला तेव्हा कुठे रुझा दचकली आणि तिची सायकल डगमगली.

'रुसलीय,' देसांका मनात म्हणाली.

तसं कारणही होतं. सकाळी राम नावाच्या गावात कॉफी पिताना देसांकानं रुझाच्या सायकलवरच्या भल्यामोठ्या पिशव्या बघून म्हटलं होतं, "बसची डिकी समजून भरलंस का गं एवढं?" मिलेवा खो खो हसली होती. रुझाच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नव्हती. रुझा चिडली की बोलणं टाकते, हे दोघींना शाळेपासून ठाऊक होतं. एकदा तर द्राक्षांची अख्खी तोडणी संपेपर्यंत ती देसांकाशी बोलली नव्हती, आणि कशावरून ते आता तिघींपैकी एकीलाही आठवत नव्हतं.

तिघी स्मेदेरेवोच्या. देसांका औषधांच्या दुकानात कामाला, मिलेवाचं केस कापायचं दुकान, आणि रुझा बस चालवायची. आसपासच्या गावांतून सकाळी शाळेची मुलं आणणारी बस वर्षानुवर्षं तिच्याकडेच होती. म्हातारं व्हायच्या आत डॅन्यूब नदीच्या काठाकाठानं क्लादोवोपर्यंत सायकलनं जायचं, असं त्या कित्येक वर्षं नुसतं म्हणत होत्या. या सप्टेंबरात निघाल्या. शेवटच्या बाईनं मागून गाडी येताना दिसली की ओरडायचं आणि पुढच्यांनी एका रांगेत कडेला व्हायचं, हा नियमही रुझानंच घालून दिला होता.

दुपारनंतर कोशावा सुटला. हा वारा डोंगरातून नदीच्या उलट्या दिशेनं येतो आणि एकदा आला की दिवसेंदिवस हटत नाही. डॅन्यूबच्या पाण्यावर पांढरे फेस उठले. देसांका आणखी दोनदा ओरडली, रुझा दोन्ही वेळा हलली नाही. तिसऱ्या वेळी देसांकाचा राग वर आला. 'रुसायचं तर रूस बाई, पण जीव का देतेस?'

गोलुबात्सला पोहोचल्या तेव्हा तिला त्या रागाचीच सोबत होती. जिच्याकडे खोली घेतली होती त्या बाईनं मासळीचं लालभडक, झणझणीत सूप वाढलं. रुझा नेहमीप्रमाणे कोपऱ्यातली खुर्ची धरून बसली. तिच्या पाठीमागच्या फळीवर तिचा फोन वाजायला लागला. वाजतच राहिला.

"बाई, तुमचा फोन वाजतोय," घरमालकीण पाव कापता कापता खाली बघून म्हणाली.

रुझानं मान वर केली आणि गोड हसली. "फार छान झालंय. मीठही बरोबर आहे."

मिलेवाला तो विनोद वाटला. ती हसली, घरमालकीणही हसली, आणि त्या हसताहेत हे पाहून रुझासुद्धा जराशी मागाहून हसली. देसांकाचा चमचा हातातच राहिला.

मग एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे यायला लागली. दुकानात आली की रुझा हल्ली मान तिरकी करून उभी राहायची. ईस्टरच्या जेवणाला तिनं दोनदा जागा बदलून घेतली होती. फोन कधी उचलायची नाही, "मेसेज कर गं, गाडीवर असते," म्हणायची. आणि त्यामागोमाग आठवण आली ती सकाळच्या बसची. देसांकाची नात लेना त्याच बसनं शाळेत जायची. सूप निवून गेलं तरी तिला ते जाईना.

सकाळी अंगणात रुझा पाठमोरी बसून चाकात हवा भरत होती. देसांका तिच्या मागे दोन पावलांवर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "रुझा, तुझ्या खांद्यावर गोम चढतेय." रुझा हवा भरत राहिली. गोमेला जी जन्माची घाबरत आली, ती शांतपणे पंप दाबत राहिली.

आजचा रस्ता कड्याला चिकटून जाणारा, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला नदी, आणि मधे एकामागोमाग एक बोगदे. आत दिवे नाहीत. विचारावं तर रुझा उसळेल, नाही विचारावं तर काय होईल ते देवाला माहीत.

"आपण दोब्रा गावापर्यंत बसनं जाऊ या का?" ती समोर येऊन म्हणाली. "वारा फार आहे."

"बसनं?" रुझा तिच्या ओठांकडे बघत म्हणाली. "वर्षभर मी बस चालवते, आणि सुट्टीत पण बसमध्येच बसू?"

"माझ्या ढुंगणाला विचारा," मिलेवा म्हणाली, "ते कधीचं तयार आहे."

पण रुझानं टांग टाकलीसुद्धा.

पहिले काही बोगदे लहान होते. आत शिरावं तोवर पलीकडचं तोंड दिसायचं. देसांका रुझाच्या अगदी मागे चाक लावून चालली होती. प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी ती मागे वळून बघायची, रस्ता मोकळा दिसला की छातीवर क्रूस काढायची आणि आत शिरायची. तिला पुढचं काही दिसतच नव्हतं, दिसत होती फक्त रुझाची निळी पाठ.

मग वळणाचा बोगदा आला. आत गेल्यावर पुढचंही तोंड दिसेना आणि मागचंही. छतातून पाणी ठिबकत होतं. अर्ध्यात असतील नसतील, तोच मागून एक घरघर सुरू झाली. बोगद्यात ती एवढी मोठी झाली की कुठून येतेय ते कळेना.

"गाडी! रुझा, गाडी!"

मिलेवाचा दिवा पुढे कडेला सरकला. रुझानं मात्र समोरचं डबकं चुकवायला सायकल नेमकी रस्त्याच्या मधे घेतली. ट्रकचा उजेड भिंतीवर पडला तेव्हा तिनं मान वळवून मागे पाहिलं, आणि त्या वळण्यात सायकल आणखी आत गेली. देसांका भिंतीला चिकटली. भोंगा, ब्रेकची किंकाळी आणि जळक्या रबराचा वास. तिनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा ट्रक थांबला होता. त्याच्यापुढे हातभर अंतरावर रुझा आपल्या पिशव्यांवर आडवी पडली होती. पिशव्यांमुळेच तिला फारसं लागलं नव्हतं.

ड्रायव्हर खाली उतरला. तरुण माणूस होता. "बाई, बहिऱ्या आहात का?"

मिलेवा सायकल टाकून धावत आली. "तोंड सांभाळ. आईशी असं बोलतोस का रे घरी? बहिरा असशील तू—"

"हो," रुझा म्हणाली. दिव्याच्या झोतात तिनं त्याचे ओठ नीट पाहिले होते. "बहिरी आहे मी."

ड्रायव्हरनं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग त्यानं रुझाची सायकल उचलून तिच्या हातात दिली आणि त्या तिघी चालत बाहेर पडेपर्यंत तो ओंडक्यांनी भरलेला ट्रक त्यांच्यामागे बैलगाडीच्या चालीनं आणला. जाताना तो हळूच म्हणाला, "माफ करा." ते रुझाला ऐकू आलं नाही, कारण ती नदीकडे बघत होती.

बाहेर कठड्यावर तिघी बसल्या. मिलेवानं पिशवीतून रकियाची, फळांच्या कडक दारूची, बाटली काढली आणि आधी स्वतः एक घोट घेतला.

देसांका रुझाच्या समोर उभी राहिली. "कधीपासून?"

"उजवा कान गेल्या पानगळीत गेला. डावा आता चाललाय. मोठे आवाज येतात, पण अंगातून आल्यासारखे."

"अगं, डेपोची तपासणी झाली ना तुझी?"

"झाली की. डॉक्टर बटण दाबायचा ते समोरच्या काचेत दिसत होतं. त्यानं दाबलं की मी हात वर करायचे." रुझानं खांदे उडवले. "उत्तम म्हणाला."

मिलेवाला हसू फुटलं आणि तिनं पटकन तोंडावर हात ठेवला.

"आणि बस?" देसांकानं विचारलं.

"बसला आरसे असतात. सायकलला नसतात, हे मला इथं येऊन कळलं."

"लेना असते त्या बसमध्ये."

"माहितेय मला. खिडकीशी बसते, रोज दिसते आरशात." मग रुझानं तिच्याकडे रोखून पाहिलं. "ती नसती तर बोलली असतीस?"

देसांकानं मिलेवाच्या हातातली बाटली ओढून घेतली. नंतरही कितीतरी दिवस ती त्या प्रश्नाशी झगडत राहिली.

परतायचं म्हटलं तरी मागे बोगदेच होते. मग त्या पुढेच निघाल्या, पण आता प्रत्येक बोगदा पायी. मिलेवा दिवा घेऊन पुढे, मधे भिंतीच्या बाजूनं रुझा, मागे देसांका, एक हात आपल्या सायकलवर आणि दुसरा रुझाच्या पाठीवर. गाडी आली की पाठ दाबायची, आणि सगळ्यांनी भिंतीला अंग लावून उभं राहायचं. वारा बोगद्यातून नळीतून यावा तसा येत होता. प्रत्येक वेळी पाठ दाबली की ती पाठ तळहाताखाली शहारायची. आरसे बिरसे ठीक, पण ही बाई वर्षभर अशीच भीत जगतेय, हे देसांकाला त्या स्पर्शातून कळलं. दोब्राला पोहोचेतो उन्हं कलली होती, आणि एकीच्याही अंगात त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन्यी मिलानोवात्सला जेवताना देसांकानं मन घट्ट केलं.

"डेपोत तू सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"पेन्शनला दोन वर्षं राहिलीत माझ्या."

"माहितेय."

"नवरा गेल्यावर मला घराबाहेर कोणी काढलं असेल तर त्या बसनं."

"तेही माहितेय गं."

"मग सांगशील?"

"सांगेन."

"अगं, जरा दमानं घ्या," मिलेवा काकुळतीला आली. "कानाला यंत्र लावू आपण. हिवाळ्यापर्यंत लावून होईल. कोणाला कळायचं पण नाही."

देसांका पाव कुस्करत बसली. यंत्र लावलं तर खरंच भागेल का, आपण मैत्रिणीचा गळा कापतोय का, लेनाला उद्यापासून गाडीनं सोडायला सांगावं आणि विषय संपवावा का, हे सगळं तिच्या डोक्यात घोंघावत होतं. शेवटचा विचार आला तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. लेना सुटेल, बाकीच्या पोरांचं काय?

त्यानंतर रुझा खरंच रुसली. पुढचा चढ तिघींनी एक शब्द न बोलता चढला. माथ्यावरून नदी खाली अरुंद होऊन दोन कड्यांमधून जाताना दिसत होती. तिथं धाप टाकत रुझा अचानक बोलायला लागली, कोणाकडेही न बघता.

"जूनमध्ये एका बाईची बाही उतरताना मागच्या दारात अडकली. मी बस काढली. सगळी बस ओरडत होती म्हणे. मला आरशात नुसती उघडी तोंडं दिसली. पोरं गाताहेत असं वाटलं मला." तिनं तोंडावरचा घाम पुसला. "बाही फाटली, म्हणून वाचली बाई. दार खराब आहे असं मी लिहून दिलं."

मिलेवानं यंत्राचा विषय पुन्हा काढला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या क्लादोवोला पोहोचल्या. वारा पडला होता. धक्क्यावर माणसं गळ टाकून बसली होती, कोणी टरबूज कापत होतं. पोहोचल्याचा आनंद करायचा म्हणून मिलेवानं तिघींचा एक फोटो काढला. त्या फोटोत देसांकाचं तोंड दात दुखत असल्यासारखं आलंय.

रुझानं फोन काढला, आकडे दाबले आणि वाजतोय का हे न कळल्यामुळे देसांकाच्या कानाशी धरला. "उचलला की मान हलव."

देसांकानं मान हलवली. रुझानं फोन आपल्या तोंडाशी घेतला.

"ग्वोझ्देन, मी रुझा. मला ऐकू येत नाही. सोमवारी सकाळच्या बसवर दुसऱ्या कोणाला तरी घाल." एवढं बोलून तिनं फोन पुन्हा देसांकाला दिला. "काय म्हणतो ते सांग."

पलीकडून डेपोतला तिचा साहेब ग्वोझ्देन म्हणाला, "कोण बोलतंय? कधीपासून ऐकू येत नाही तिला?"

देसांका रुझाकडे तोंड करून म्हणाली, "विचारतोय, कधीपासून."

"खरं सांग."

"गेल्या पानगळीपासून," देसांका फोनमध्ये म्हणाली.

त्यानं एक शिवी दिली. "तिच्या तपासणीच्या कागदावर सही माझी आहे. तिला म्हणावं, सोमवारी ये आणि चाव्या घेऊन ये." आणि फोन बंद झाला.

देसांकानं सगळं सांगितलं, शिवीसकट. रुझानं मान डोलावली आणि फोन खिशात टाकला. "मला भूक लागलीय," ती म्हणाली. खायला बसल्यावर मात्र तिनं बुरेकचा, चीज भरलेल्या खारीचा, एक तुकडासुद्धा तोंडात घातला नाही.

डेपोत आठवडाभर बोंबाबोंब झाली. रुझाला नोकरीवरून काढतील असं सगळ्यांना वाटत होतं. शेवटी तिला गाडीवरून उतरवून सुट्या भागांच्या कोठारात बसवलं. ग्वोझ्देनला वरच्यांकडून बोलणी बसली आणि तो तिच्याशी बोलायचा बंद झाला. कानाला यंत्र लागलं. पहिले काही दिवस चमच्याचा आवाजसुद्धा डोक्यात जातो, अशी तिची तक्रार असायची, पण ती मिलेवाकडे. देसांकाच्या घरच्या कुलदैवताच्या सणाला, त्या हिवाळ्यात, तिची खुर्ची रिकामी राहिली. देसांकानं तीनदा फोन केला. आता रुझाला ऐकू येत होतं, तरी तिनं उचलला नाही.

वसंतात एकदा ती दुकानात आली. रांगेत उभी राहिली, नंबर आल्यावर यंत्राच्या बॅटऱ्या मागितल्या. देसांकानं त्या दिल्या.

"लेना कशी आहे?" रुझानं विचारलं.

"बरी आहे. नवीन ड्रायव्हर ब्रेक फार जोरात मारतो म्हणते."

"लोयमेच्या उतारावर मारत असेल. तिथं आधीच गिअर पाडावा लागतो. सांग त्याला."

"तूच सांग ना."

रुझानं बॅटऱ्या पर्समध्ये टाकल्या आणि पर्सची चेन लावायला नको इतका वेळ घेतला. मागे रांगेत माणसं खोळंबली होती. "बघू," असं म्हणून ती गेली, आणि ते 'बघू' नेमकं कशाबद्दल होतं, याचा विचार करत देसांकानं पुढच्या म्हाताऱ्याला चुकीचं औषध दिलं आणि धावत जाऊन परत आणलं.