राहतं घर

वादळानं तुकाबाईचं घर उघडं पाडलं, पण घालवलं ते तिच्या सारवणानं, असं वस्तीवरचे लोक म्हणतात. लोकांचं काय जातंय म्हणायला! घरी माणूस येणार हे कळल्यावर जमीन न सारवता बसून राहील, अशी एक तरी बाई कासार आंबोलीच्या त्या डोंगरउतारावर दाखवा, आणि मग बोला.

वादळ समुद्रावरून आलं, घाट चढून वर आलं आणि भरदुपारी वस्तीवर तुटून पडलं. तुकाबाई आणि तिचा म्हातारा सावळा शेरडांच्या गोठ्यात दडून बसले होते. गोठा बुटका, खड्ड्यात, म्हणून वाचला. घर उंचावर, वाऱ्याच्या तोंडी. आढं मोडल्याचा आवाज झाला, पत्रे पाखरांसारखे उडाले. सावळाच्या दोन्ही डोळ्यांत पडदा वाढलेला, उजेड आणि अंधार एवढंच त्याला कळायचं. त्यानं विचारलं, "गेलं का गं?"

"गेलं," तुकाबाई म्हणाली.

लेक दत्ता मान गावात एका कंपनीच्या गेटवर शिक्युरिटीत होता. तो आला आणि म्हाताऱ्याला आपल्या भाड्याच्या खोलीवर घेऊन गेला. जाताना सावळा एवढंच म्हणाला, "तुके, छप्पर घाल आन् मला घेऊन ये. मला दुसऱ्याच्या घरात मरायचं न्हाई." तिनं व्हय म्हटलं. साधी गोष्ट होती. भिंती शाबूत होत्या, माळव्याच्या वाफ्यांत पडलेले पत्रे गोळा करून झाले होते.

पंचनाम्याला साहेब येणार अशी वर्दी आली तशी तुकाबाई पहाटे उठली. घरातला पालापाचोळा झाडला, शेण कालवलं, चारी खणांची जमीन सारवली. वर आभाळ दिसत होतं तिथं ताडपत्री ताणली. चूल पोतारली, तांब्या घासून लख्ख केला. साहेब आले, घोंगडीवर टेकले, चहा प्यायले, मोबाईलवर फोटो काढले.

"आजी, घर तर छान ठेवलंय की!"

"ठेवाया नगं व्हय?" तुकाबाईला कोण आनंद!

साहेबांनी निघताना सांगितलं ते तिला नीट उमगलं नाही. दत्ताला नंतर उमगलं. घर राहतं आहे, भिंती उभ्या आहेत, नुकसान किरकोळ, मदतीत बसत नाही. तो फोनवर ओरडला, "आये, अगं पडक्या घराला कुणी सारवतं का? त्यांनी तुजी पडझड बगायची का तुजी हौस?"

तुकाबाईला तोंडात मारल्यासारखं झालं. शेजारची चंद्राबाई मात्र शहाणी. ती म्हणाली, "मरू दे त्येंची मदत. आपण इर्जिक घालू. समदी वस्ती येईल, एका दिसात आढं चढवू. तू निस्ती भाकरी-कोरड्यास घाल." वस्तीवर कुणाचंही घर असंच उभं राहायचं; आज याच्याकडे सगळ्यांनी खपायचं, उद्या त्याच्याकडे.

पण दत्तानं कचेरीत खेटे घालून फेरपंचनामा मंजूर करून आणला होता, आणि तिथं त्याला बजावलं होतं: साहेब बघून जाईपर्यंत घराला हात लावायचा नाही, आहे तसं ठेवायचं. पहिल्यांदा हात लावला म्हणूनच घोटाळा झाला, हे तुकाबाईच्या डोक्यात घट्ट बसलेलं. एकदा ठेच लागली म्हणून बाई इतकी जपून चालली की चालायचंच थांबली. चंद्राबाईला तिनं सांगितलं, "थांब गं थोडं. साहेब आलं की मग घालू इर्जिक."

"तवर पाऊस कुणासाठी थांबणार हाय?"

"ताडपत्री बी काडायला सांगितलीया दत्तानं."

"मग मर तिकडं," चंद्राबाई म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

मुळशीचा पाऊस काय असतो ते त्या साहेबांना ठाऊक नसेल, पण तुकाबाईला तर ठाऊक होतं ना? तरी तिनं हात लावला नाही. गोठ्यात शेरडांच्या शेजारी अंथरूण टाकलं आणि तिथून ती रोज घराकडे बघत बसायची. मातीची भिंत आधी वरून विरली, मग मधून फुगली, आणि एका सकाळी मागची बाजू खाली बसली. लगेच पुढचीही. खाली शेतातल्या बंगल्यावर नवी कौलं कधीच चढली होती. पुण्याहून मालक आले, गवंडी आले, आठवडाभर ठोकाठोक झाली आणि झालं. ज्याला घराची गरज शनिवार-रविवारची, त्याचं घर आधी उभं राहतं, हा कुठला न्याय म्हणायचा?

तिकडे मान गावच्या खोलीवर सावळा सारखा घराचं विचारायचा. खोलीला खिडकी नव्हती, दिवसाही ट्यूब जळायची, म्हाताऱ्याला दिवस-रात्र कळेना. नात सृष्टी फोन करायची, "आजी, आबा जेवत न्हाईत. सारखं म्हणतात, आढं चढलं का इचार."

काय सांगायचं? तुकाबाई म्हणाली, "चढलं म्हणावं."

त्या दिवशी सावळा भाकरी खाऊन झोपला. मग पुढच्या फोनला तिनं पत्रे बसवले. त्याच्या पुढच्याला दार लावलं. एकेका खोट्यावर म्हातारा एकेक भाकरी खात होता. तिला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

दिवाळी उलटल्यावर साहेब आले. हे दुसरे होते. या खेपेला तुकाबाईनं ना झाडलं, ना सारवलं, ना चहा ठेवला. गवत गुडघ्याएवढं वाढलेलं, चुलीच्या जागी एक शेळी रवंथ करत बसलेली. तुकाबाईला मनातून मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तिनं जीभ आवळून धरली. साहेबांनी रुमाल नाकाला लावला, उंबऱ्याबाहेरूनच फोटो काढले.

"इथं कोण राहतं?"

"आमीच की."

"इथं? चूल कुठंय? भांडी कुठंयत?"

"त्या गोठ्यात हायेत. छप्परच न्हाई तर हितं कशी राहू?"

"म्हणजे इथं कुणी राहत नाही," साहेब म्हणाले. आवाज अगदी मऊ होता, माणूस वाईट नव्हता. "आजी, ही मदत राहत्या घराला असते. हे पडीक आहे. शिवाय भिंती पावसानं पडल्यात, वादळानं नाही."

तुकाबाई जोत्याच्या दगडावर बसली. सारवलं तेव्हा घर राहतं होतं म्हणून गेलं. नाही सारवलं तेव्हा राहतं नव्हतं म्हणून गेलं. मग माणसानं करायचं तरी काय? कुणाच्या नावानं बोटं मोडायची? चंद्राबाईकडे जायची तिची छाती झाली नाही. गेली असती तरी काय? वस्तीवरची धडधाकट माणसं आता महाळुंग्याला बिल्डिंगांच्या कामावर जात होती, आणि आढं चढवायला मुळात भिंती तर हव्यात!

चैत्रात सावळा हट्टाला पेटला. "छप्पर घातलंय, दार लावलंय, मग मला हितं का कोंडलंय?" दत्तानं आईला विचारलं, "काय सांगू गं?"

"काय सांगू नगंस," ती म्हणाली. "घेऊन ये."

तिनं गवत उपटलं. मातीचे ढिगारे बाहेर ओढले. शेण कालवून सगळी जमीन सारवली, अगदी पहिल्यासारखी, कोपरान् कोपरा. बाकी काय होतं तिच्या हातात?

रिक्षा वस्तीच्या रस्त्याला थांबली. दत्तानं म्हाताऱ्याला हाताला धरून वर आणलं. सावळानं पायानं उंबरा चाचपला, वाकून हात लावला, कपाळाला लावला आणि आत येऊन आपल्या नेहमीच्या जागी बसला. सारवणाचा वास छातीभर घेतला. चेहरा असा उजळला की तुकाबाईला वाटलं, जमलं.

"सारवलंस व्हय?"

"तुमी येणार म्हनून."

म्हाताऱ्यानं मान वर केली. ऊन सरळ त्याच्या डोळ्यांत उतरत होतं. "उजेड लई पडलाय गं घरात."

"मधी काचेचा पत्रा घातलाय," ती म्हणाली.

त्यानं टेकायला पाठीमागं हात नेला. हात नुसताच वाऱ्यात गेला आणि तो कलंडला. तुकाबाईनं झेप घेऊन त्याला सावरलं, छातीशी धरलं. तो तसाच राहिला, तिच्या लुगड्यात तोंड खुपसून. मग म्हणाला, "तुके, तुज्या अंगाला लेंड्यांचा वास येतोय. कवापासून निजतीस शेरडांत?"

तिला हुंदका आवरेना. दत्ता पाठ फिरवून उभा राहिला.

"उगी. म्या काय तुला बोललो का?" सावळा तिच्या हातावर थोपटत म्हणाला. "सारवलंस झ्याक. दत्ता, चल बाबा, रिक्षा वळवाया सांग. तुके, तू बी चल."

आता हा माणूस त्या बिनखिडकीच्या खोलीतच डोळे मिटणार, हे तिला स्वच्छ कळलं. त्याच्याबरोबर जावं, उशाशी बसावं, असं मन ओरडत होतं. तरी तिनं मान हलवली.

"न्हाई येत," ती म्हणाली. "म्या गेले आन् पुन्यांदा साहेब आलं तर? म्हनतील, हितं कुनी ऱ्हातच न्हाई."

रिक्षा गेली. तुकाबाईनं गोठ्यातून भांडी आणली, सारवलेल्या जमिनीवर तीन दगड मांडले आणि चूल पेटवली.