पाचपर्यंत

"तुझ्या आईच्या हातांना वास कसला यायचा?"

टाकीच्या तोंडाशी ओणवं होऊन काकांनी विचारलं आणि मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन.

"साबणाचा," खालून आवाज आला.

"अंगाच्या की कपड्यांच्या?"

"कपड्यांच्या."

काकांनी श्वास सोडला. चरखीवर बसलेला गडी फिदीफिदी हसला. "काका, गाळ काढताय की सोयरीक जमवताय?"

"तू चाकावर हात ठेव," काका म्हणाले. "तोंड मग चालव."

तेलाच्या त्या कारखान्यात सात लोखंडी टाक्या होत्या, प्रत्येक दोन मजले उंच. पाळीपाळीनं एकेक टाकी रिकामी करून तळाशी बसलेला गाळ माणसानं आत उतरून खरवडायचा. टाकीला वर एकच तोंड, खांदे आक्रसले तर माणूस जेमतेम मावेल एवढं. एकजण कमरेला पट्टा आणि दोर बांधून आत उतरायचा, दुसरा त्या दोराची चरखी सांभाळायचा आणि तिसरा तोंडाशी बसायचा. तिसरे म्हणजे काका. त्यांचं काम एवढंच, की आतल्याला बोलतं ठेवायचं. सडका गाळ टाकीतली हवा खातो, आणि आतल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून प्रश्न विचारायचा. पाच मोजेपर्यंत धड उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर वर ओढायचं, कुणाची परवानगी मागत बसायचं नाही. आणखी एक नियम होता. वरच्यानं आत उतरायचं नाही, काही झालं तरी नाही. मागे कुठे कुठे उतरले होते लोक, आणि एकाच्या जागी दोन मढी बाहेर काढावी लागली होती.

बसल्याजागी लोकांच्या भानगडी विचारायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, म्हणून सगळा कारखाना त्यांना चौकशीकाका म्हणायचा. त्यांची बायको तर म्हणायची, "मलाही एकदा टाकीत सोडा. म्हणजे मला तरी दोन शब्द विचाराल." काका हसायचे. पण खोटं कशाला बोला, रोज सकाळी टाकीची शिडी चढायची त्यांना भीती वाटायची. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण शेवटच्या पायरीवर क्षणभर डोळे मिटून उभा राहायचा. चरखीवाल्याला वाटायचं, दम लागला असेल.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत काका एकच प्रश्न विचारायचे. "ठीक?" खालून यायचं, "ठीक." अकरा वर्षं एकच जोडीदार होता, आणि अकरा वर्षं त्या एका शब्दावर दोघांचं बिनबोभाट चाललं होतं. त्या दिवशीही "ठीक" आलं, चांगलं पाच वेळा आलं. पाचवं तर हसत आलं. सहाव्यांदा काहीच आलं नाही. मग चौकशी झाली. तिथे डॉक्टरांनी सांगितलं, की हवा कमी पडली की माणसाला आधी झिंग चढते, तो खुशीत येतो. आणि रोजचा शब्द तर जिभेलाच पाठ असतो, त्याला डोकं लागत नाही. माणूस अर्धा गेलेला असतो आणि जीभ आपली "ठीक" म्हणत असते.

आठवडाभरानं काका त्याच्या घरी गेले. जोडीदाराच्या बायकोनं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "भावोजी, तुम्ही अकरा वर्षं बरोबर होतात. कामावर ते आमच्याविषयी काही बोलायचे का हो?"

"नेहमी," काका म्हणाले.

"काय?"

काकांनी आत शोध शोध शोधलं, पण एका "ठीक"शिवाय काही हाती लागेना. वहिनींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्या उठल्या आणि पाणी घेऊन आल्या. त्या घराची पायरी काका पुन्हा चढले नाहीत.

इकडे साहेबांनी छापील प्रश्नांचा कागद काढला. आज वार कोणता, तुमचं पूर्ण नाव काय, तीन आणि चार किती. गड्यांनी आठवड्याच्या आत तो पाठ केला. वार विचारला की एकजण "सात" म्हणून मोकळा व्हायचा. काकांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि स्वतःचा नियम केला, की एकदा विचारलेला प्रश्न त्याच माणसाला पुन्हा विचारायचा नाही. आता रोज वीस-पंचवीस नवे प्रश्न आणायचे कुठून? आवडती भाजी, पहिली मारामारी, शाळेतले मास्तर, असले वरवरचे प्रश्न महिन्याभरात संपतात. मग माणसातही खाली उतरून खरवडावं लागतं. कुणाची क्षमा मागायची राहिली आहे, कुणाचं पत्र फाडलंस, स्वतःचा राग कधी आला होता, असले प्रश्न काका टाकीच्या तोंडातून खाली सोडायचे आणि जीव मुठीत धरून मोजायचे. गडी आधी वैतागायचे. मग एखादा जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन आपणहून शेजारी येऊन बसायचा.

मौनी मात्र तसा कधी आला नाही. तीन महिन्यांपूर्वी लागलेला हा चाळिशीचा गडी कामाला वाघ होता, पण त्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे वाळूतून तेल. कुठलाही प्रश्न टाका, एका शब्दात निकाल. बायको? "आहे." भाऊ? "होता." काकांना त्याच्याविषयी शेदोनशे शब्द ठाऊक होते आणि माणूस काही ठाऊक नव्हता. हीच त्यांची मोठी भीती होती. हा नेहमीसारखा आहे की नाही, हे ओळखायचं कशावरून?

आज टाकी पाच नंबरची होती आणि गाळ घोट्याच्या वर होता. सकाळचे अकरा वाजत आले होते, पत्रा तापला होता. हवा आत ढकलणारा पंखा बाजूला घरघरत होता. खालून फावड्याचा खरड-खरड आवाज येत होता.

"लहानपणी तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची?" काकांनी विचारलं.

एक. दोन. तीन. चार. काकांचा हात खूण करायला उठला.

"विहिरीची."

"का रे?"

फावडं थांबलं. "बाबा मला विहिरीत सोडायचे. कमरेला दोर बांधून. पडलेल्या बादल्या काढायला. मी हलका होतो ना."

चरखीवाल्यानं काकांकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. तीन महिन्यांत मौनीचं एवढं लांबण कुणी ऐकलं नव्हतं.

"वरून ते बोलत राहायचे. काहीबाही. मी घाबरू नये म्हणून. एकदा रस्त्यानं कुणी ओळखीचं चाललं होतं. बाबांनी दोर झाडाला गुंडाळला आणि गेले गप्पा मारायला. मी हाका मारतोय, हाका मारतोय, वर कुणीच नाही." आणि मौनी हसला. मौनीला हसता येतं हे काकांना माहीत नव्हतं.

काकांना फार बरं वाटलं. तीन महिने या माणसाच्या दारात उभे होते ते, आणि आज त्यानं आपणहून आत या म्हटलं होतं. ते पोटावर आडवे झाले आणि त्यांनी तोंड आणखी आत घातलं.

"तेव्हापासूनची सवय आहे, काका. दोरावर असलो की मी बोलतच नाही. ऐकत असतो. वर माणूस आहे का, ते ऐकत असतो. तुम्ही खोकता ना मधेमधे, मला बरं वाटतं. एवढं बरं वाटतं म्हणून सांगू..." तो पुन्हा हसला. "खोका ना, काका. खोका."

एक क्षण काका ऐकतच राहिले. ते सुख त्यांना सोडवेना, हे त्यांनी नंतरही कधी नाकारलं नाही. आणि मग त्यांच्या अंगावर काटा आला. दोरावर असताना जो बोलत नाही, तो बोलत होता. फावडं केव्हाचं गप्प होतं. आणि ते हसणं काकांनी एकदा ऐकलं होतं.

"ओढ," ते म्हणाले.

"अहो, तो तर छान बोलतोय," चरखीवाला म्हणाला.

"म्हणूनच ओढ. ओढ म्हणतो ना."

चाक फिरलं, दोर ताणला. खालचा आवाज "बाबा" म्हणाला, पुढचं काही अर्धवट म्हणाला आणि थांबला. काकांनी खाली पाहिलं तर त्यांचा स्वतःचा उजवा पाय टाकीच्या तोंडात गेलेला होता. कधी गेला, त्यांना कळलं नव्हतं. खाली फार तर तीन माणसांएवढं अंतर होतं, आणि काठाला धरलेला हात सुटायला मागत होता. त्यांनी तो पाय बाहेर काढला. असं जड काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. मग ते तिथेच गुडघ्यांवर बसले आणि खोकू लागले, मुद्दाम, मोठ्यानं, घसा फाटेपर्यंत. दोराच्या टोकाशी माणूस दिसेपर्यंत ते खोकत होते.

मौनीचे ओठ निळे पडले होते, पण छाती हलत होती. पंख्याची नळी आत कुठेतरी मुडपली होती आणि धोक्याची शिट्टी वाजवणारं त्याच्या पट्ट्यावरचं यंत्र गाळानं बुजून गेलं होतं.

दुपारी कारखान्याच्या दवाखान्यात मौनी भिंतीला टेकून बसला होता. प्राणवायूची नळी नाकाशी होती. काका शेजारच्या स्टुलावर बसले होते, आणि दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवले होते.

"काय बोललो मी?" मौनीनं विचारलं. "विहिरीपर्यंत आठवतंय."

"बाबांविषयी बोललास."

"आणखी?"

"माझ्या खोकल्याविषयी."

मौनीनं मान वळवली. त्याचे कान लाल झाले. "बरळलो असेन काहीतरी."

"असशील," काका म्हणाले.

नर्स येऊन नाडी बघून गेली. मग मौनी भिंतीकडे बघतच म्हणाला, "घाबरलात?"

तीन वर्षांत काकांना हे कुणी विचारलं नव्हतं. साहेबांनी विचारलं होतं, किती वाजता. डॉक्टरांनी विचारलं होतं, किती वेळ. काका "हो" म्हणाले, आणि मग त्यांना थांबता येईना. जोडीदाराचं सांगितलं, पाच वेळा आलेल्या "ठीक"चं सांगितलं, वहिनींना मारलेल्या थापेचंही सांगितलं. "तुला काय वाटतं?" शेवटी त्यांनी विचारलं. "जाऊन खरं सांगावं?"

सवयीनं काका मोजू लागले. चारवर आले तेव्हा त्यांचा हात मांडीखालून सुटला होता.

"सांगावं," मौनी म्हणाला. "पण आधी विचारा त्यांना, ऐकायचंय का."

रविवारी काका तिथे गेले. जिना तोच, दारही तेच. टाकीची शिडी परवडली असं त्यांना वाटलं. वहिनी शिवणयंत्रावर बसल्या होत्या, पिकलेल्या केसांत दोऱ्याचा तुकडा अडकला होता. त्यांनी काकांना ओळखलं आणि तीच खुर्ची पुढे केली.

"वहिनी, मागे मी तुम्हाला एक सांगितलं होतं. त्यातलं खरं काय, ते ऐकायचंय का तुम्हाला?"

"ते काही बोलायचे नाहीत, हेच ना?" वहिनी म्हणाल्या. "ते मला त्याच दिवशी कळलं, भावोजी. तुमच्या तोंडावरून."

"ते बोलायचे नाहीत असं नाही," काका म्हणाले. "मी विचारलं नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही." ते खुर्चीत पुढे सरकले. "आता तुम्हाला विचारतो. कसे होते ते?"

वहिनींनी यंत्रावरचं कापड सरळ केलं. काका मोजू लागले. पाच झाले. सहा. सात. त्यांचा उजवा हात खूण करायला उठू लागला, तो त्यांनी डाव्या हातानं धरून ठेवला. काय ऐकावं लागेल याची त्यांना फार भीती वाटत होती, पण आता कुणाला वर ओढायचं नव्हतं.

"घाबरट होते," वहिनी म्हणाल्या. "अंधाराची फार भीती. रात्री दिवा मालवू द्यायचे नाहीत. पोरं चिडवायची त्यांना."

"अंधाराची?" काका म्हणाले. "मग टाकीत..."

"मीही विचारलं होतं एकदा. म्हटलं, घरात ही गत, मग तिथे कसं होतं तुमचं? तर म्हणाले, तिथे काही वाटत नाही." वहिनींनी यंत्राचं चाक हातानं थोडं मागे फिरवलं. "म्हणाले, तिथे वर माणूस असतो."

काका काहीतरी म्हणायला गेले आणि त्यांना नुसता खोकला आला. वहिनी पाणी आणायला उठल्या.