कडेला बसलेली अर्पिता

"शरयू, एवढ्याशा फोनापुढं तीन लेकरं बसवून राह्यलीस. कडंच्याला काय दिसणार गं?" उषाआज्जींनी विचारलं होतं. शरयूताई हसल्या, "आज्जी, आवाज येतो की बराबर!"

तो एवढासा फोन म्हणजे मी, मित्रांनो. जालन्याच्या मस्तगडातल्या दुकानातून केदारखेड्याला आलो, तेव्हा नवं कव्हर, नवी काच, सगळा थाट होता. आता माझा कोपरा तडकलाय. चार्जरची पिन वाकडी धरल्याशिवाय पोटात काही जात नाही. तरी पाचवीच्या शिष्यवृत्तीचा ऑनलाईन वर्ग रोज संध्याकाळी माझ्यावरच भरतो. डब्याला टेकून मी उभा. समोर शरयूताईंचा पार्थ, त्याला खेटून शेजारची यशश्री आणि पार कडेला, दाराजवळ, उषाआज्जींची नात अर्पिता.

एकदा राधेश्याम सरांनी तळ्याची परिसंस्था शिकवली. शेवाळ, किडे, मासे, बगळा. एक हरवला की बाकीच्यांना झळ. मला वाटलं, सर आमच्याच ओसरीचं सांगतायत. लाईट, टॉवर, सर, मी, चहा टाकता टाकता रेंज बघणाऱ्या शरयूताई आणि ही तीन लेकरं. टॉवर गेला की सगळे ओरडायचे. अर्पिता यायची थांबली, तेव्हा कोणीच ओरडलं नाही.

शरयूताईंनी आतून विचारलं की पार्थ म्हणायचा, "येऊन राह्यली." आणि हजेरी तिघांची टाकायचा. "न्हाई टाकली तर सर तिचं नाव यादीतून काढतेत," तो यशश्रीला सांगे. त्याच्या लेखी ही मैत्रीच होती.

एके दिवशी सरांनी विचारलं, "अर्पिता, वेगळी आकृती कोणती?"

पार्थ घाईनं माझ्याकडं वाकला.

"सर, तिची रेंज गेली."

"अरे लबाडा, तुम्ही तिघं एकाच फोनवर! तिच्या एकटीचीच कशी गेली?"

आतून हे ऐकून शरयूताईंचा चेहरा उतरला. मला हातात घेऊन त्या तडक उषाआज्जींकडे गेल्या. अर्पिता शेंगा सोलत होती.

"मावशी, मला फोनात निस्ता दाराचा उजेड दिसतो. आकृत्या दिसत न्हाईत. म्हणलं तर दोघं हसतेत."

"मंग मला सांगायचं न्हाई का?"

"पार्थ म्हणला, तुझी हजेरी लागते. मला वाटलं, मी नसले तरी भागतंय."

शरयूताई तिच्याजवळ खालीच बसल्या. दुसऱ्या दिवसापासून दार लोटलेलं असतं आणि मधली जागा पाळीपाळीनं मिळते. अर्पिता अजून मागं आहे, पण ती येते.

मित्रांनो, मला पुसा, माझी पिन बदला, बरंच आहे ते. पण तुमच्या वर्गात कोणाचं नाव रोज येत असेल आणि आवाज येत नसेल, तर आज मला घरी ठेवा आणि पायी त्याच्या दारात जाऊन या.